खिडकीला खडू

इरण्णा म्हणाला, काका, पेपर नका चिकटवू,
गोंद मग महिनाभर निघत नाही.
खडूची पावडर घ्या, पाणी घ्या,
भांड्याच्या साबणाचा एक थेंब,
आणि फडक्यानं फासा काचेवर.
रंग उडाला तर खडूवर बसेल.
शिवाय पडदे उतरवलेत,
समोरच्यांना काही दिसायला नको.

समोरच्यांना, म्हणजे वनारसेबाईंना.
सहकारनगरात आमच्या गल्लीत
त्यांची खिडकी माझ्यापासून एका बांबूवर.
त्यांच्या एसीची झळ माझ्या मोगऱ्याला लागायची.
नऊ वर्षांपूर्वी मी त्याबद्दल एक वाक्य बोललो,
त्या दोन.
मग मोगराही गेला.

मी फासत गेलो, फळा पुसतात त्याच्या उलट.
आधी गेलं त्यांचं दांडीवरचं पातळ,
मग गोळ्यांचा डबा, सात घरांचा,
मग त्या.
वरच्या कोपऱ्यात तळजाईची टेकडी उरली होती इंचभर,
स्टुलावर चढून तीही मिटवली.

एकाहत्तर साली, खडकीच्या क्वार्टरमध्ये,
मी सहा वर्षांचा,
आईनं कणकेची खळ शिजवून
सगळ्या काचांना काळा कागद लावला होता.
तेव्हा उजेड बाहेर जायला नको होता.
वडील कारखान्यात रात्रपाळीला,
आणि ती मधूनच कागदाला कान लावायची,
जणू कागदाला विमान आधी ऐकू येतं.
युद्ध संपलं, कागद निघाला, खळ राहिली.
काचेवर तिच्याच बोटांचे फराटे.
ती नखानं खरवडायची
आणि अर्ध्यात थांबायची.

इरण्णाला हे सगळं सांगितलं.
तो पुट्टी घोटत होता.
म्हणाला, खळ वाईटच, काका. खडू बरा.

रात्री वनारसेबाईंचा दिवा
काचेत पिवळा डाग होऊन यायचा,
हळदीचं बोट पुसल्यासारखा.
दहा चाळीसला विझायचा.
ही वेळ मला पाठ आहे, हे मला तेव्हा कळलं.
इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या बटणावर झोपत होतो.

तिसऱ्या रात्री डाग गेला नाही.
अकरा. साडेअकरा.
खोलीच्या मधोमध माझी कॉट,
कपाटावर चादर, पंख्याला प्लास्टिकची पिशवी,
सगळं घर आजारी माणसासारखं गुंडाळलेलं.
बाराच्या पुढे कधीतरी टेकडीवर मोर ओरडला.
मी उठलो.
फोन करावा तर नंबर नाही,
हाक मारावी तर कुठल्या नावानं?
करंगळीच्या नखानं रुपयाएवढा खडू खरवडला
आणि डोळा लावला.

त्या खुर्चीत होत्या.
हातात पोथी नाही, फोन नाही.
माझ्या खिडकीकडे तोंड,
बंद दुकानासमोर माणसं उगाच थांबतात
तसं.
माझ्या श्वासानं काच धुरकटली.
पुसली, तोवर दिवा गेला होता.

माझ्याकडे अंधार होता, भोक दिसणं शक्य नव्हतं.
तरी सकाळी ओल्या खडूचं बोट फिरवून
ते बुजवून टाकलं,
इरण्णा यायच्या आत.

पाचव्या दिवशी बादली घेतली, जुना बनियन घेतला.
पांढरं पाणी चौकटीवरून बाहेर ओघळलं,
खाली कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर ठिपके.
आता यावरूनही बोलणी खावी लागणार.
आधी टेकडी आली.
मग सात घरांचा डबा, गुरुवारपर्यंत रिकामा.
मग त्या. उभ्याच, गज धरून.

"कुठला लावलात?"

आवाज मला आठवत होता त्याहून बारीक निघाला.
शेडकार्डावर मोत्याचं काहीतरी नाव होतं,
ऐन वेळी सापडेना.
"पांढराच," म्हटलं.

"पांढऱ्याला पाच दिवस?"
म्हणाल्या,
आणि दांडीवरचं पातळ बाजूला सारून
आतली भिंत नीट पाहू लागल्या.